कोहळ्यावरचा क्रूस

निंबवाडीच्या उकिरड्यावर एवढी गर्दी गाव वसल्यापासून झाली नसेल. एरवी माणसं तिथं शेणाचं टोपलं रिकामं करतात आणि नाक दाबून परत फिरतात. त्या शनिवारी मात्र बायका डोक्यावरून पदर घेऊन आणि पुरुष चपला काढून उकिरड्यापुढं रांगेत उभे होते. बीबी गावाहून जीपा भरून येत होत्या. शेजारच्या तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चहाची टपरी लागली होती, नारळाची गाडी लागली होती. ख्रिस्ती चमत्काराला नारळ लागतो की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हाताशी असलेला बरा म्हणून लोक घेत होते.

चमत्कार होता कोहळ्याचा. पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, ते आमच्याकडचं कोहळं. गावातल्या ख्रिस्ती शांतवनच्या घरामागच्या उकिरड्यावर वेल पसरला होता, त्याला हे घमेल्याएवढं कोहळं धरलं होतं आणि त्याच्या सालीवर वीतभर लांबीचा क्रूस उमटला होता. रंगवलेला नाही, चिकटवलेला नाही. सालीतूनच वर आलेला, खरखरीत, करड्या रंगाचा क्रूस. वेलापासून न तोडताच कोहळं एका चौरंगावर ठेवलं होतं, खाली लाल सॅटिन, वर झालर. बाजूला कीबोर्ड घेऊन एक पोरगेलासा माणूस आणि माइक घेऊन ब्रदर एलिशा.

हे ब्रदर कुठले ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. शांतवननं कोहळ्याचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि तिसऱ्याच दिवशी त्यांची पांढरी गाडी दारात उभी राहिली, एवढंच गावाला माहीत होतं.

"प्रियांनो!" ब्रदर ओरडले. "ये कद्दू नहीं है! बोला, ये क्या है?"

समोर कोहळंच होतं, त्यामुळं उत्तर अवघड होतं.

"ये टॉवर है! वरून नेटवर्क येते, देठातून उतरते, सालीवर दिसते! म्हणून देठ तोडायचा नाही. देठ तोडला का लाइन कट!"

कीबोर्डवाल्यानं लाइन कट झाल्यासारखा एक करुण सूर काढला. पुढच्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

"अन् ज्याच्या खिशात गोळी, त्याच्या मनात शंका! शंका कुठं टाकायची?"

"ड्रममंदी!" गर्दी एकसुरात म्हणाली.

चौरंगाशेजारी निळा प्लास्टिकचा ड्रम होता. त्यात शुगरच्या, बीपीच्या, दम्याच्या गोळ्यांची पाकिटं पडली होती आणि त्यावर ब्रदर अधूनमधून कोहळ्यावरून ओघळलेलं पाणी शिंपडत होते. तेच पाणी बाटल्यांत भरून लोक घरी नेत होते.

मी तिथं आलो होतो तो या ड्रममुळं. माझं नाव भाऊराव. सुलतानपूरला शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी बुवाबाजी उघडी पाडत हिंडतो. माझ्या पिशवीत रक्त गळणारं लिंबू, आपोआप पेटणारा कापूर असं सामान कायम असतं, आणि त्यामुळं बायको मला मोटारसायकलवर पिशवी मांडीवर ठेवू देत नाही. त्या दिवशी पिशवीत आणखी एक वस्तू होती. फिटच्या गोळ्यांची नवी पट्टी.

ती राखीसाठी होती. राखी माझी दहावीची विद्यार्थिनी. तिला लहानपणापासून फिट यायची. चिखलीच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि वर्ष-दीड वर्षात पोरगी सायकलवर शाळेत येऊ लागली. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता.

"सर, मायनं माही गोळी ड्रममंदी टाकली. म्हनते, विश्वास ठेव. परवा चुलीपुढं माहे डोळे फिरले. काकूनं मांगं ओढलं म्हनून वाचली. सर, मले भेव लागून राह्यलं."

चुलीपुढं आलेली फिट म्हणजे सैतान बाहेर पडताना आपटला, असा अर्थ ब्रदरनं तिच्या आईला सांगितला होता. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी आजच सुरू करा, सोमवारी मुलीला घेऊन या, ही थट्टा नाही. म्हणून पट्टी घेऊन आलो होतो. राखीची आई गोजरबाई गर्दीत पहिल्याच ओळीत बसली होती. मी पट्टी पुढं केली तशी तिनं विंचू पाहिल्यासारखा हात मागं घेतला.

"सर, तुमचे उपकार हायेत, पन आता शंका नको. डाक्टरनं गोळी जन्मभर सांगतली. इथं एका झटक्यात सुटका हाय."

तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला तिचा राग येईना. पोरीला फिट येताना वर्षानुवर्षं तिचं डोकं मांडीवर धरून बसलेली बाई ती. तिला कुणीही काहीही सांगावं आणि तिनं ऐकावं, अशी तिची गत झाली होती.

कोहळ्याचं कोडं मला लांबूनच सुटलं होतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला ते सुटायला भिंग लागत नाही. मी टपरीवर चहा घेणाऱ्या पोलीस पाटलांना, वामनरावांना, बाजूला घेतलं.

"पाटील, हा नखाचा ओरखडा आहे."

"मले काय सांगता सर," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "ल्हानपनी आमी कवळ्या कोहळ्यावर नावं कोरत होतो. फळासंगं मोठी होतात."

"मग बोलत का नाही?"

"दुसऱ्याच्या धर्मातलं हाय. आपन काऊन बोलाव? वाईट दिसते."

टपरीवाला तुळशीराम म्हणाला, "मलेही पहिल्याच दिशी समजलं सर. पन शांतवन भला मानूस हाय. त्याच्या देवाले कसं खोटं म्हनाव?"

म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सभ्यपणा आडवा येत होता. मी मात्र उठून माइकसमोर गेलो आणि सरळ सांगितलं की हा ओरखड्याचा वण आहे. ब्रदरना उत्तर द्यायची गरजच पडली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, तुम्ही कोनताच देव मानत नाई, तुमाले काय समजते?" कीबोर्डवाल्यानं जोरात वाजवायला घेतलं आणि मी मागं फिरलो. परधर्मातलं म्हणून पाटील गप्प, आणि देवच मानत नाही म्हणून माझं कुणी ऐकेना.

तेवढ्यात चिखलीकडची जीप थांबली आणि तिच्यातून गाठोडं काखेत घेऊन एस्तेरबाई उतरल्या.

एस्तेरबाई म्हणजे शांतवनची आई. गावात ख्रिस्ती घरं चारच, पण बाई सगळ्या गावाच्या. इथल्याच शाळेत त्यांनी नोकरी काढली आणि पाटलांपासून तुळशीरामपर्यंत सगळ्यांना बाराखडी शिकवली. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या दिवाळीच्या बऱ्याच आधीपासून चिखलीला होत्या. त्यांच्या फोनवर फोटो दिसत नाही, त्यामुळं त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

घरापुढची गर्दी पाहून त्या जागच्या जागी थबकल्या. मग मी दिसलो.

"जयभीम, भाऊराव सर. कोन गेलं आमच्या घरी?"

"सलाम, बाई," मी ख्रिस्ती घरातल्या रीतीनं म्हणालो. "कुणी गेलं नाही. चमत्कार झालाय."

"कुठी?"

"तुमच्या उकिरड्यावर."

बाईंनी गाठोडं माझ्या हातात दिलं आणि गर्दीत घुसल्या. बहुतेक सगळे त्यांचे विद्यार्थी, त्यामुळं वाट आपोआप झाली. चौरंगापुढं जाऊन त्यांनी चष्मा लावला, कोहळ्यावरून बोट फिरवलं, मग आपला अंगठा त्या क्रूसाशेजारी धरून पाहिला.

"शांतवन!"

शांतवन चौरंगामागून पुढं आला. पस्तिशीचा बाप्या, पण आईची हाक ऐकून त्यानं आधी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"मी जाताना तुले काय सांगून गेली होती?"

शांतवन पायाच्या बोटानं माती उकरू लागला.

"अरे, हे त माह्याच नखाचं हाय!" बाई लोकांकडं वळल्या. "आमच्यात हंगामाचा सन असते. वेलाचं पहिलं फळ मंडळीत, म्हनजे चर्चमंदी, द्याचं, तिथं त्याचा लिलाव होते. म्हनून ते कवळं असतानीच नखानं क्रूस काढून ठेवतो. काऊन? तर घरात कोनी चुकून भाजीत चिरू नाई. माही सासू असंच करे. ह्याले ही नखाची खून केली तवा हे लिंबाएवढं होतं. फळ वाढलं, तसा वन वाढला. देवी काढल्याचा वन नाई का दंडावर मोठा होत? तसा. चला, घरी जा सारे!"

मी मनात टाळी वाजवली. पण ब्रदर माणूस तालमीचा. त्यांनी कीबोर्डवाल्याला डोळा घातला आणि दोन्ही हात वर केले.

"सुना? सुना आपने? आईच्या नखानं! पण आईचं नख कोणी हलवलं? इतक्या कोहळ्यात हेच का निवडलं? आईला विचारा, ती म्हणेल मला माहीत नाही. अरे, पवित्र माणसाला माहीतच नसते! हालेलूया!"

आणि मग जे झालं ते सांगताना मला अजूनही हसू येतं. कोहळ्यापुढची रांग मोडली आणि बाईंच्या अंगठ्यापुढं लागली. एका आजीनं अंगठा कपाळाला लावून घेतला. दुसऱ्या बाईनं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतून खाली बाटली धरली. तुळशीरामच्या टपरीवरचं एक गिऱ्हाईक अंगठ्याबरोबर सेल्फी काढून गेलं. बाई ओरडत होत्या, "अरे सोडा! ह्याच अंगठ्यानं तुमचे कान पिळले मी!" आणि लोक अधिकच नम्र होत होते. शेवटी त्यांनी अंगठा मुठीत दाबला, मूठ पदरात गुंडाळली आणि घरात जाऊन कडी लावली.

दिवस मावळायच्या सुमारास मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. आत मायलेकांचं चाललं होतं.

"तुले माहीत होतं ना?" बाई विचारत होत्या.

"हाव."

"मंग?"

"आई, जन्मात पहिल्यांदा पाटील आपल्या दारात चहा प्याले बसला. चार घरं आपली. लग्नात नाई, पंगतीत नाई, कोनी मुद्दाम विचारत नाई. आता बीबीचे लोकं मले शांतवनभाऊ म्हनून राह्यले. अन् मी एक शबूद बी खोटा बोललो नाई. ब्रदर बोलते. मी फकत गप बसतो."

बाई म्हणाल्या, "तुह्या गप बसन्यावरच त त्याचं सारं दुकान चालू हाय. रविवारी मंडळीत पोरायले मी शिकवते का आपलं हो म्हनजे हो असाव. अन् माह्याच घरात तू नाई ले हो म्हनून राह्यला, अन् ते बी प्रभूच्या नावानं? दुसऱ्या कोनाच्या देवाच्या नावानं असतं त मले इतलं लागलं नसतं."

तेवढ्यात दारात गोजरबाई आली, राखीला हाताला धरून. पोरगी आठवड्यात सुकली होती. तिच्या मनगटावर काकूनं ओढताना चुलीचा चटका बसल्याची खूण होती. गोजरबाई थेट बाईंच्या पायाशी बसली.

"बाई, एकडाव हिच्या कपाळाले अंगठा लावा. तुमी सांगान ते करते मी. तुमी उपाशी राहा म्हना, मी राहीन."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली, बाईंना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "बाई, देवानं संधी दिली म्हणा हवं तर. या पट्टीला अंगठा लावा आणि गोजरबाईला सांगा, अंगठ्याची गोळी आहे, रोज घे. पोरगी वाचते. एका वाक्याचा प्रश्न आहे!"

आता पाहा. आयुष्यभर बुवाबाजीच्या विरोधात भाषणं ठोकणारा मी, आणि एका म्हातारीला बुवा व्हायला विनवत होतो. त्या घटकेला मला त्यात काही वावगंही वाटलं नाही, कारण समोर राखी उभी होती.

बाईंनी पट्टीकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. त्या अंगठ्याचा हात त्यांनी पदराखाली घेतला.

"नाई सर. आज माह्या अंगठ्यानं गोळी चालू होईन. उद्या दुसऱ्या कोनाच्या अंगठ्यानं बंद होईन. अन् मले देवापुढं जाचं हाय." मग त्या गोजरबाईकडं वळल्या. "गोजर, तू म्हनाली ना, मी सांगीन ते करशीन? मंग ऐक. माह्या अंगठ्यात काईच नाई. मूठभर तांदूळ निवडले तरी दुखते तो. त्या कोहळ्यातही काई नाई. राखीले आत्ता गोळी दे."

गोजरबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"समजलं बाई. तुमी माही परीक्षा घेऊन राह्यल्या. मी नाई डगमगत!" आणि पोरीला ओढत ती निघून गेली.

मी कपाळावर हात मारला. "एक वाक्य, बाई! एक वाक्य बोलायचं होतं!"

"ओरडू नका. मलेही लागलं ते." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी शांतवनला राखीच्या काकूकडं पिटाळलं, पोरीला चुलीजवळ जाऊ देऊ नको, एकटं सोडू नको म्हणून. मग पदरानं डोळे पुसून त्या कोंबड्या कोंडायला परसात गेल्या. मी मागं गेलो. एक लाल कोंबडी काही केल्या खुराड्यात शिरेना. ती वेलाच्या पानांखाली घुसून उकिरडा उकरत बसली होती. बाई तिला हुसकायला वाकल्या, पानं बाजूला केली, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"सर, इकडं या बरं."

मी पाहिलं, आणि आम्ही दोघं उकिरड्याशेजारी उभे राहून पोट धरून हसलो. का, ते मी आत्ताच सांगत नाही.

रविवारी हंगामाचा सण होता. दर वर्षी तो पत्र्याच्या लहानशा प्रार्थनामंदिरात व्हायचा. यंदा ब्रदरनी मांडव उकिरड्याशेजारीच घातला होता. पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, बीबीहून आले तेव्हा त्यांनी कोहळं पाहिलं, ब्रदरना पाहिलं, "मंडळीच्या पंचांना विचारून सांगतो" म्हणाले आणि घाम पुसत खुर्चीवर बसले. गीतं झाली, प्रार्थना झाली, मग लिलाव. ज्वारीची कणसं, कापसाचं बोचकं, गावरान अंडी, तुरीच्या शेंगा. कुणी वस्तू विकत घ्यायची आणि परत दान करायची, मग तिचाच पुन्हा लिलाव, असा तो गमतीचा मामला. लिलाव पुकारायचा मान शांतवनचा. एरवी तो लोकांना हसवून बेजार करतो. त्या दिवशी त्याचा आवाज निघत नव्हता.

शेवटी बाई उठल्या. डोक्यावर टोपलं, त्यावर लुगड्याचा फाटका तुकडा. काखेत दुसरी टोपली, तिच्यावर फडकं घट्ट बांधलेलं.

त्यांनी टोपलं चौरंगाशेजारी उतरवलं आणि वरचा कपडा काढला. आत दुसरं कोहळं होतं. त्याच्या सालीवर एक नाही, दोन नाही, चहूकडं खुणा उमटलेल्या. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन रेघा, एका बुडख्यातून फुटलेल्या. तसल्याच खरखरीत, तसल्याच करड्या. गर्दीतून "आई गं!" असा आवाज आला.

"हे त्याच वेलाचं हाय," बाई म्हणाल्या. "पानाखाली झाकलं होतं. ब्रदर, तुमाले वरचं नेटवर्क समजते. सांगा बरं, ह्याच्यावर कोनाचं नख हाय?"

मला बाईंचं कौतुक वाटलं. त्यांनी एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. फक्त शाळेतल्यासारखा प्रश्न विचारला होता.

ब्रदर कोहळ्याजवळ आले. त्यांनी डोळे मिटले, हात थरथरवला. कीबोर्ड गंभीर झाला.

"तीन रेघा!" ते किंचाळले. "प्रियांनो, तीन का? चार का नाही? ही पित्याची! ही पुत्राची! ही पवित्र आत्म्याची! कालपर्यंत क्रूस आला होता, आज साक्षात त्रिएक देव आला! गुडघे टेका!"

पुढच्या दोन रांगांनी गुडघे टेकले. पाळकसाहेब अर्धवट उठले, आणि बाईंचा चेहरा पाहून परत बसले.

बाईंनी काखेतल्या टोपलीचं फडकं सोडलं. आतून लाल कोंबडी निघाली. बाईंनी तिला दोन्ही हातांनी धरलं, तिचा एक पाय कोहळ्यावरच्या एका खुणेवर टेकवला. मग दुसरीवर. मग तिसरीवर. खुणा पायापेक्षा पसरट झाल्या होत्या, पण घडण तीच. तीन बोटं, तीन रेघा. कोंबडीनं मान वाकडी करून ब्रदरकडं एका डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाली, "कॉक्."

आधी पाटील हसले. त्यांनी हसू आवरायचा फार प्रयत्न केला, पण त्यांच्या नाकातून आवाज निघाला आणि मग मांडवच फुटला. गुडघे टेकलेले लोक तिथंच लोळू लागले. तुळशीराम ओरडला, "ब्रदर, हिच्या पायाचं पानी बाटलीत भराचं का?" कीबोर्डवालाही खाली मान घालून गदगदत होता.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या संतापल्या होत्या.

"देवाचं नाव कोंबडीच्या पायाले लावलं तुमी! लाज वाटाले पाह्यजे. ऐका रे साऱ्यायनं. ह्या कोंबडीनं उकिरडा उकरला, कवळ्या फळाले नख लागलं. म्या खून केली, कवळ्या फळाले नख लागलं. जखम भरली, तिथं खरखरीत साल आली, फळ वाढलं तशी पसरली. माह्या नखात पवित्र असंल त हिच्याही नखात हाय. करा हिची पूजा! अन् नसंल, त मंग माह्याही नखात नाई."

शांतवन लिलावाच्या जागेवरून पुढं आला.

"आई मले सांगून गेली होती," तो म्हणाला. "कोहळं तोडू नको, खून केली हाय, असं. मले पहिल्यापासून माहीत होतं. मी बोललो नाई. माफी करा."

"मलेही माहीत होतं," पाटील म्हणाले.

"मलेही," तुळशीराम म्हणाला. मग मागून, बाजूनं, बायकांतून, "आमालेही", "आमालेही" सुरू झालं.

"साऱ्यायले माहीत होतं!" बाईंनी कंबरेवर हात ठेवले. "मंग बोलले काऊन नाई?"

"बाई," पाटील चाचरत म्हणाले, "तुमच्या धर्मातलं होतं."

"खोटं कोनत्या धर्मातलं असते रे, वामन?"

वामनरावांनी चौथीत असल्यासारखी मान खाली घातली. या गडबडीत पांढरी गाडी चालू झाल्याचा आवाज आला. ब्रदर एलिशांनी स्वतःची लाइन स्वतःच कट केली होती. कीबोर्ड राहिला, तो वाजवणाराही राहिला. तो मेहकरकडचा निघाला आणि घरी जायला एसटी कुठून मिळते ते विचारू लागला.

ड्रमभोवती झुंबड उडाली. "हे माहं शुगरचं!" "आवं, ते माहं बीपीचं!" सगळी पाकिटं भिजून एकमेकांत मिसळली होती. मी ड्रमला आडवा उभा राहून ओरडलो की यातलं काहीही तोंडात घालू नका, डॉक्टरांना विचारून नवीन आणा. या खेपेला लोकांनी माझं ऐकलं. कोंबडीनं माझी पत वाढवली होती.

गोजरबाई मात्र हसण्यात नव्हती. ती पहिल्या ओळीत तशीच बसून होती, हातात पाण्याची बाटली. सगळ्यांचा खेळ मोडला होता, पण तिचं खरंच काहीतरी गेलं होतं. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"मंग माही राखी बरी नाई होनार?" गोजरबाईनं विचारलं.

"गोळीनं फिट आवरते, हे तू डोळ्यानं पाह्यलं. सायकल चालवे पोरगी. पुढं गोळी सुटंल का, ते डॉक्टर सांगंल. त्याच्याहून जास्त मले माहीत नाई, अन् माहीत नाई ते मी सांगनार नाई. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करीन. पन गोळी घेतल्यावर."

गोजरबाईनं बाटलीतलं पाणी हळूहळू मातीत ओतलं. मग ती रडली, मोकळी होऊन रडली. राखी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तिकडं शांतवनला आवाज फुटला होता. त्यानं विळ्यानं देठ तोडला, कोहळं डोक्यावर धरलं आणि पुकारलं, "कोहळं! निव्वळ कोहळं! नेटवर्क नाई, टॉवर नाई, भाजी होते अन् तळून गोड बोंडं होतात! बोला!" बोली मी जिंकली आणि रिवाजाप्रमाणं कोहळं तिथंच परत दिलं. दोन्ही कोहळी चिरून मोठ्या पातेल्यात पडली. क्रूसाची साल आणि कोंबडीची साल एकाच उकिरड्यावर गेली. प्रीतिभोजनाला सगळा गाव बसला. पाटील शांतवनच्या शेजारी बसले, चमत्कार नसतानाही.

भाजी-भाकर झाल्यावर मी गोळ्यांची पट्टी काढली. गोजरबाईनं ती घेतली आणि दोन्ही हातांनी एस्तेरबाईंपुढं धरली.

"बाई, पहिली गोळी तुमच्या हातानं द्या."

"नाई," बाई म्हणाल्या. "तुह्या हातानं दे."

गोजरबाईनं पट्टी फोडली. एक गोळी राखीच्या तळहातावर ठेवली. राखीनं ती जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली. नळाचं, साधं.

ती लाल कोंबडी लिलावात पाटलांनी घेतली. अजून कापलेली नाही. विचारलं तर म्हणतात, "असू द्या सर, काय सांगता येते!" म्हणजे माझं काम अजून शिल्लक आहे. एस्तेरबाईंचं आणि माझं देवावरून भांडण होतं, ते दर भेटीत होतं आणि ते मिटायचं नाही. पण त्या संध्याकाळी खोटं बोलायला मी तयार होतो आणि त्या नव्हत्या, हे मी भांडणातही विसरत नाही.

तुम्हाला एवढीच विनंती. कुठं चमत्कार दिसला आणि तो कसा झाला हे तुम्हाला कळलं, तर चहाची बशी खाली ठेवा आणि बोला. देव कुणाचा, धर्म कुणाचा ते नंतर बघता येईल. पहिल्या ओळीत कुणाची तरी राखी बसलेली असते आणि तिची गोळी ड्रममध्ये असते.